एक-पंचमांश हरिकेन : पेट्रोल इंजिनावर उडणाऱ्या मोठ्या युद्धविमान-प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४ — विमानाची निवड

बॅटरीवरची आणि लहान ग्लो (मेथेनॉलच्या इंधनावरच्या) इंजिनाची, रेडिओवर चालवायची विमाने काही वर्षे उडवल्यानंतर मोठ्या युद्धविमानाकडे वळताना बहुतेकांचे मन स्पिटफायर किंवा मस्टँगवर जाते. मी हॉकर हरिकेन घेतले आहे आणि त्यामागे भावनेपेक्षा सोयीचा भाग अधिक आहे. स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख नवशिक्याच्या टेबलावर सरळ उतरत नाही आणि त्याच्या चाकांमधले अंतरही फार कमी असते. हरिकेनचा पंख सरळ कडांचा व चांगला जाड असून मूळ विमानात त्याची जाडी बुडाशी १९ टक्के होती. चाके आतल्या बाजूला मिटत असल्यामुळे उघडल्यावर ती एकमेकांपासून लांब उभी राहतात. शिवाय कॉकपिटमागचे धड मुळातच लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेले होते, त्यामुळे प्रतिकृतीतही तेच बांधकाम शोभते आणि शेपटी हलकी राहते.

भावनेचा भागही नोंदवून ठेवतो. १९४४ च्या सुरुवातीला इंफाळच्या आघाडीवर स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने जी विमाने उडवली ती हरिकेनच होती. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक हरिकेन जपलेले आहे. एवढा आपला इतिहास जोडलेले विमान असताना परदेशी तुकडीचे रंग लावण्याचे कारण नव्हते.

प्रमाण एकास पाच आहे. मूळ पंखविस्तार १२.१९ मीटर, म्हणजे प्रतिकृतीचा २.४४ मीटर, आणि लांबी सुमारे १.९७ मीटर. पंखाचे क्षेत्रफळ ९५ चौरस डेसिमीटरांच्या थोडे वर जाते. मूळ विमानाचे भारित वजन साडेतीन टनांच्या आसपास होते. ते लांबीच्या घनाने उतरवले तर २८ किलो येते आणि तसले विमान माळावर उतरवण्याची माझी छाती नाही. मी ११ किलोची मर्यादा ठरवली असून यापुढच्या नोंदी बऱ्याच अंशी त्याच मर्यादेशी चाललेल्या झगड्याच्या असतील.

नियमांबद्दल थोडक्यात. ड्रोन नियम, २०२१ मध्ये मॉडेल वर्गाला २५ किलोंची कमाल मर्यादा असून विमान नजरेच्या टप्प्यातच उडवावे लागते. लोहगावच्या हवाई दलाच्या तळामुळे पुण्याच्या आसपासचा बराच भाग लाल-पिवळ्या (परवानगीशिवाय उडवता न येणाऱ्या) पट्ट्यांत मोडतो, म्हणून जागा ठरवण्याआधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा पाहावा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार किंवा जुळणीसाठी सुटे आणलेले ड्रोन आयात करण्यावर बंदी आहे, सुट्या भागांवर ती नाही. बाहेरून आलेला विमानाचा अर्धवट तयार सांगाडा सीमाशुल्क विभागात कोणत्या नजरेने पाहिला जाईल या प्रश्नावर पैसे लावण्यापेक्षा आराखड्यावरून स्वतः बांधणे मला परवडते.

२४ नोव्हेंबर २०२४ — आराखडा आणि प्लाय

आराखडा मोठ्या प्लॉटरवर छापून घेतला. दुकानदाराने सवयीने कागदात बसवण्याचा पर्याय ठेवला आणि अख्खे विमान दोन-अडीच टक्क्यांनी आखडले. डोळ्यांना हा फरक कळत नाही. छापील कागदावर एखादे लांब, आकडा दिलेले माप स्टीलच्या पट्टीने तपासल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नये.

फॉर्मरसाठी, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटींसाठी, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ३ मिमीचा साधा प्लाय आणला आणि भोसरीत लेझरवर कापून घेतला. याचे दोन परिणाम झाले. पहिला म्हणजे प्लायच्या थरांमधला डिंक लेझरला दाद देत नव्हता. यंत्रवाल्याने शक्ती वाढवली तेव्हा कडा कोळशासारख्या काळ्या पडल्या. जळलेल्या कडेवर एपॉक्सी धरत नाही, बोटाने दाबताच जोड कोळशाच्या पापुद्र्यासकट सुटून येतो. दुसरा परिणाम वजनाचा. धडाच्या सगळ्या फॉर्मरचे वजन १,१५० ग्रॅम भरले. तो संच बाजूला ठेवला आणि पॉपलरचा हलका प्लाय मागवून तेच भाग पुन्हा कापले, ते ७२० ग्रॅम भरले. इंजिनाची फायरवॉल (इंजिन जिच्यावर बसते ती पुढची भिंत), चाकांचे तळ आणि पंख जोडणीचे फॉर्मर मात्र ६ मिमी बर्च प्लायचेच ठेवले आहेत. हलका प्लाय तिथे टिकत नाही.

पहिल्या संचाचे आठ हजार रुपये पाण्यात गेले. त्यातला एक फॉर्मर आता चहाच्या कपाखाली असतो.

१९ जानेवारी २०२५ — शेपटी आणि मागचे धड

हरिकेनचे नाक आखूड आहे. गुरुत्वमध्यापासून शेपटीचे अंतर नाकातल्या शिशाच्या जागेपेक्षा सुमारे अडीच पट भरते, म्हणजे शेपटीत वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात अडीच ग्रॅम शिसे मागतो. हे गणित भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे.

आराखड्यात आडवी शेपटी भरीव बाल्साची, म्हणजे अगदी हलक्या लाकडाची, होती. तशी करून काट्यावर ठेवली तर सर्व्होशिवाय (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींशिवाय) ३९० ग्रॅम. ती मोडून रिब (आकार देणाऱ्या उभ्या फासळ्या) आणि त्यांवर बाल्साच्या पातळ पत्र्याची पोकळ शेपटी बांधली, तिचे २३५ ग्रॅम झाले. वाचलेले १५५ ग्रॅम म्हणजे नाकातले जवळजवळ ४०० ग्रॅम शिसे. या मोबदल्यात गेलेला वेळ मला अजिबात खटकत नाही.

मागच्या धडावर ५ मिमीच्या स्प्रूसच्या पट्ट्या बसवल्या. प्रत्येक पट्टी फॉर्मरच्या खाचेत एक मिलिमीटर वर उभी राहील अशी ठेवावी, नाहीतर कापड फॉर्मरला चिकटून धडावर आडव्या कडा उमटतात आणि ते हरिकेन न दिसता भुकेल्या कुत्र्याच्या बरगड्यांसारखे दिसते. बाल्साच्या फळ्या हातात घेऊन निवडण्याची चैन इथे नाही. आलेल्या पेटीतल्या फळ्या आधी तोलून घेतल्या, हलक्या फळ्यांवर ‘शेपूट’ आणि जड फळ्यांवर ‘नाक’ असे पेन्सिलीने लिहिले.

३० मार्च २०२५ — पंख

मूळ विमानाप्रमाणेच पंखाचा मधला भाग सपाट आणि धडाला कायम जोडलेला आहे. बाहेरचे पंख सुटे होतात व सुमारे साडेतीन अंशांनी वर उचललेले आहेत. गाडीत नेण्याच्या दृष्टीनेही ही रचना सोयीची ठरली. जोडणीसाठी २५ मिमी व्यासाची ॲल्युमिनियम नळी वापरली. तिच्यासाठीच्या बर्च प्लायच्या चकत्या भोसरीच्या लेथवर बोअर करून घेताना मिस्त्रींनी विचारले, “साहेब, हे पंपाचं काय?” विमानाचे आहे म्हटल्यावर त्यांनी पैसे कमी केले नाहीत, पण बोअर मात्र इतके नेमके केले की नळी अंगच्या वजनाने हळूहळू सरकत आत जाते.

पंखाच्या टोकाला दोन अंशांचा वॉशआउट, म्हणजे पुढची कड खाली झुकवणारा पीळ, दिला आहे. मोठ्या युद्धविमानांचा शेवट बहुधा उतरतानाच्या वळणात होतो. वेग कमी पडला की टोकाचा पंख आधी थांबतो, म्हणजे विमान उचलून धरेनासा होतो, आणि विमान पाठीवर पडते. वॉशआउट दोन्हीकडे सारखा हवा. डाव्या पंखाचा पत्रा चिकटवताना खालची ठोकळी सरकल्याने तो एकीकडे दोन आणि दुसरीकडे तीन अंश झाला होता. पत्रा ओला करून, पिळून, वजनाखाली वाळवून अर्धा अंश सुधारला, पण तो परत आला. शेवटी वरचा पत्रा मागच्या स्पारपर्यंत (पंखातल्या लांब कण्यापर्यंत) कापून काढला आणि नव्याने चिकटवला. बंद झालेल्या पंखाचा पीळ वाफेने जाईल अशी आशा धरू नये.

११ मे २०२५ — इंजिन आणि टाकी

इंजिन ५५ सीसीचे, एका सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे दोन-स्ट्रोक आहे. मफलर आणि इग्निशनसह ते पावणेदोन किलो भरते. ग्लो इंधनाच्या तुलनेत पेट्रोल फारच स्वस्त पडते, हे मोठ्या इंजिनाकडे वळण्याचे खरे कारण. सिलिंडर उलटा, खाली तोंड करून बसवला म्हणजे हरिकेनच्या निमुळत्या काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) तो पूर्ण लपतो. फायरवॉलवर दोन अंश उजवीकडे कल दिला आहे.

पहिल्यांदा इंजिन बाकावर घट्ट बांधून चालवले. चोक बंद, थ्रॉटल किंचित उघडा, इग्निशन चालू. चामड्याचा जाड हातमोजा घालून २२ इंची प्रोपेलर फिरवत राहायचे, एकदा ‘फट्’ असा आवाज आला की चोक उघडायचा आणि पुन्हा फिरवायचे. भाचा मागे उभा राहून बंद करण्याच्या स्विचवर बोट ठेवून होता. इंजिन सुरू झाले, चार मिनिटे गुरगुरले आणि मग गती आपोआप चढत जाऊन बंद पडले. “मामा, पेट्रोल संपलं का?” टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली होती.

टाकी उघडल्यावर कारण दिसले. आतली नळी ग्लो विमानांतली सिलिकॉनची होती. ती पेट्रोलमध्ये फुगून मऊ झाली आणि तिच्या टोकाचे वजन निसटून तळाशी पडले होते. गती चढली ती हवा ओढली गेल्याने मिश्रण पातळ झाल्यामुळे. असे इंजिन आणखी थोडे चालले असते तर पिस्टन जळाला असता. टाकीचे बूचही पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचेच हवे. आता आत-बाहेर सर्वत्र पेट्रोलची पिवळी नळी असून प्रत्येक जोडावर तारेचा फास आहे.

आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक करते. त्यामुळे मिश्रण लागेल तेवढेच बनवतो, एका लिटरला ३३ मिली तेल या प्रमाणात, आणि दिवस संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन नळीतले पेट्रोल संपेपर्यंत चालवतो.

२० जुलै २०२५ — पावसाळ्यातले फायबर कापड

पंखावर चौरस मीटरला २५ ग्रॅमचे काचकापड एपॉक्सीने चढवायचे होते. पुण्यातला जुलै या कामाला योग्य नाही, हे रेझिनच्या डब्यावर लिहिलेले नसते. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर आला, घासकागद लगेच भरून गेला आणि त्यावर मारलेला प्रायमर माशाच्या डोळ्यांसारखे गोल सोडत मागे सरला. दमट हवेत हार्डनर ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून हा थर तयार होतो. तो घासून जात नाही, उलट आत मुरतो. साबणाच्या कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या खरखरीत काथ्याने धुतल्यावर तो गेला, मगच घासकागद चालला.

उजव्या पंखाच्या वेळी खोलीत एसी कोरड्या हवेच्या पर्यायावर ठेवला, १०० वॅटचा जुना बल्ब पंखाखाली लावला आणि रेझिन ओतल्यावर जुन्या एटीएम कार्डाने इतके ओढून काढले की कापडाची वीण दिसत राहिली. डावा पंख उजव्यापेक्षा ६० ग्रॅम जड झाला आहे. उजव्या टोकात शिसे टाकावे लागेल. टोकाशी ६० ग्रॅमपेक्षा कमी लागते, पण लागते.

२४ ऑगस्ट २०२५ — चाके

विजेवर मिटणारी चाके घेतली. हवेच्या दाबावरची स्वस्त असतात, पण त्यांच्या रबरी कड्यांतून हवा झिरपण्याची तक्रार इतक्यांकडून ऐकली होती की तो मार्ग सोडला. चाकाचा आस गुरुत्वमध्याच्या किती पुढे राहतो हे विमान उडण्याच्या स्थितीत समतल ठेवून मोजावे. शेपूट जमिनीवर असताना मोजलेले अंतर फसवते. आस पंखाच्या पुढच्या कडेखाली येईल असा ठेवला आहे. पुढे हे पुरेसे ठरले नाही, ते नोव्हेंबरच्या नोंदीत येईल.

२१ सप्टेंबर २०२५ — रेडिओ आणि इग्निशन

सर्व्हो आठ आहेत. एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या शेपटीच्या भागाच्या) दोन्ही बाजूंना स्वतंत्र सर्व्हो दिले, म्हणजे एक मेला तरी विमान खाली आणता येते. रिसीव्हरला दोन बॅटऱ्या आणि दोन स्विच. इग्निशनची बॅटरी पूर्ण वेगळी. इग्निशनचा डबा फायरवॉलच्या पुढे आणि रिसीव्हर कॉकपिटमागे, दोन्हींत ६० सेंमीहून जास्त अंतर आहे. थ्रॉटलची काडी नायलॉनची आहे, कारण धातूची काडी इंजिनाचा विद्युत गोंगाट सरळ सर्व्होपर्यंत आणते.

ट्रान्समीटरची शक्ती कमी करून घेतलेली टप्प्याची चाचणी इंजिन बंद असताना उत्तम झाली आणि इंजिन सुरू करताच निम्म्या अंतरावर रडर (उभ्या शेपटीचा वळवणारा भाग) थरथरू लागला. तासभर अँटेना हलवण्यात गेला. दोष स्पार्क प्लगच्या टोपीत निघाला; तारेवरचे धातूचे जाळीदार आवरण टोपीच्या कड्यात नीट दाबलेले नव्हते. कडे पक्कडीने आवळल्यावर थरथर थांबली. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर आपोआप होणाऱ्या क्रियेत, थ्रॉटल पूर्ण बंद आणि इग्निशन तोडणे या दोन्ही गोष्टी ठेवल्या असून त्या ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. या सर्व वायरी आणि स्विच बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळाल्या.

२६ ऑक्टोबर २०२५ — रंग आणि तोल

वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून करडा. पंखावरच्या वर्तुळांत लाल रंग नाही. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून आग्नेय आशियातल्या दोस्त विमानांवरून तो काढून टाकला होता. रंगाच्या दुकानदाराने दोनदा विचारले की लाल डबा राहिला का.

ॲक्रिलिक रंग पेट्रोलने विरघळतो. त्यावर गाड्यांना मारतात तो दोन घटकांचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट मॅट भुकटी घालून मारला. याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते; कापडी मास्क चालत नाही, काडतूसवाला मुखवटा आणि मोकळी हवा हवी. रंगाचे एकूण वजन ३१० ग्रॅम भरले.

गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या २६ टक्क्यांवर ठेवायचा होता. इंजिन, इग्निशन, सगळ्या बॅटऱ्या पुढे ढकलूनही शेपूट खाली राहिली आणि फायरवॉलपुढे ७८० ग्रॅम शिसे बांधावे लागले. रिकाम्या टाकीसह एकूण वजन ११.४ किलो. ठरवलेली मर्यादा ४०० ग्रॅमने ओलांडली गेली आहे. काउलिंग मुद्दाम जड ठेवली असती तर शिसे कमी लागले असते. नाकात वजन कमी करण्यात मी खर्च केलेले श्रम निरर्थक होते.

१६ नोव्हेंबर २०२५ — जमिनीवरच्या चाचण्या

जागा शिरूरच्या पुढे, नातेवाइकांचा माळ. सुमारे १५० मीटर लांबीचा पट्टा रोलर फिरवून घेतला आहे. तिसऱ्या फेरीत चाक नांगराच्या जुन्या सरीत बसले, विमान नाकावर उभे राहिले आणि डाव्या चाकाचा तळ पंखातून उचकटून आला. प्लाय शाबूत होता, तुटला तो प्लाय आणि रिब यांच्यातला नुसता कडेचा जोड. आता तळाच्या दोन्ही बाजूंच्या रिबना २ मिमी बर्च प्लायची अस्तरे दिली, कोपऱ्यांत त्रिकोणी स्प्रूस बसवला आणि सगळ्यावर काचकापड चढवले. चाकांचे दांडे वाकवून आस आणखी १२ मिमी पुढे घेतला. प्रोपेलरचे एक पाते आणि स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी) गेले, ४,२०० रुपये.

सुरुवातीच्या धावेत विमान डावीकडे ओढते. थ्रॉटल एकदम उघडला तर रडरला हवा मिळण्याआधीच ते वळून जाते. शेपूट वर येईपर्यंत एलिव्हेटर मागे धरून, चार-पाच सेकंद घेत थ्रॉटल उघडणे हाच उपाय आहे.

१४ डिसेंबर २०२५ — उड्डाण

सकाळी साडेसातला, वारा नसताना उडवले. पट्ट्याचा निम्म्याहून कमी भाग वापरून विमान वर गेले. एलिव्हेटरला दोन टिचक्या आणि एलेरॉनला (पंखाच्या कडेचा, विमान कलते करणारा भाग) एक, एवढ्याच सुधारणा लागल्या. उंचीवर नेऊन थ्रॉटल कमी करून, चाके आणि फ्लॅप (पंखामागचे, वेग कमी करताना उघडायचे झडप) उघडून ते कुठे थांबते ते पाहिले. नाक सरळ खाली पडले, पंख पडला नाही. वॉशआउटसाठी कापून काढलेला पत्रा इथे वसूल झाला. उतरताना थ्रॉटल चाके टेकेपर्यंत पाव उघडा ठेवला.

दुसऱ्या उड्डाणात सहाव्या मिनिटाला इंजिन जोर सोडू लागले आणि वाऱ्याकडे पाठ असताना बंद पडले. परतण्याचा मोह सोडून समोरच्या बाजरीच्या खोडक्यात चाके मिटूनच उतरवले. खालचा रंग खरवडला, प्रोपेलर मोडला, बाकी शाबूत. काउलिंग काढली तेव्हा सिलिंडर हात लावण्यासारखा नव्हता आणि प्लगचे टोक पांढरे पडले होते. मूळ हरिकेनचा रेडिएटर पोटाखाली असल्याने त्याच्या नाकात हवेचे मोठे तोंडच नाही. मी स्पिनरमागे खालून दोन चिरा पाडल्या होत्या, पण आत आलेली हवा सिलिंडरला वळसा घालून निघून जात होती आणि बाहेर पडायची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षाही अरुंद होती.

२८ डिसेंबर २०२५ — हवेची वाट, आणि हिशेब

१.५ मिमी प्लायचा आडोसा काउलिंगच्या आत असा बसवला की हवेला सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांमधूनच जावे लागेल. दोन्ही बाजूंना ३ मिमीची फट सोडली. बाहेरचे तोंड पंखाच्या पुढच्या कडेखाली आतल्या तोंडाच्या तिप्पट केले आणि त्याच्या पुढच्या काठाला खाली वाकलेली ओठासारखी पट्टी लावली, म्हणजे तिच्यामागे हवा ओढली जाते. कार्बोरेटरची वरच्या गतीची सुई एक-अष्टमांश वळसा उघडली. त्याच माळावर दहा मिनिटांच्या उड्डाणानंतर प्लगचे टोक कॉफीच्या रंगाचे निघाले.

खर्च, माझ्याकडे आधीपासून असलेला ट्रान्समीटर आणि मोडतोड वगळून : इंजिन, शुल्कासह ५२,०००, चाके आणि दांडे ४६,०००, सर्व्हो ३०,०००, लाकूड २७,०००, कापड, रेझिन, रंग २४,०००, बॅटऱ्या आणि वायरिंग १४,०००, स्पिनर आणि प्रोपेलर ११,०००, लेझर, लेथ, छपाई ९,०००. एकूण २,१३,००० रुपये.

तीन पात्यांचा प्रोपेलर फक्त मांडून ठेवण्यासाठी आहे, उडवताना दोन पात्यांचा २२ बाय १० लावतो. फ्लॅप ४० अंशांवर नाक वर उचलतात, त्यासाठी एलिव्हेटरचे मिक्सिंग (फ्लॅपबरोबर एलिव्हेटर आपोआप हलवणे) अजून बसवायचे आहे. तोवर फ्लॅप २० अंशांपुढे उघडत नाही.